कल्पित भूमी आणि भूगोलाची कसोटी
(भूमिकाखेळांतील जगरचनेचा खानदेशाच्या आधारे विचार)

१

अद्भुत आणि वास्तव यांचा संबंध काय, हा प्रश्न मराठी टीकेला नवा नाही. नारो सदाशिव रिसबूड यांनी 'मंजुघोषा' (१८६८) या कादंबरीच्या प्रस्तावनेत आपल्या नित्याच्या जीवनात चमत्कारिक असे काही नसल्यामुळे कादंबरीकाराला अद्भुताकडे वळावे लागते, असे समर्थन केले होते. पुढे इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी 'कादंबरी' या १९०२ सालच्या निबंधात अद्भुत व वास्तव या दोन्ही प्रवृत्तींचा विस्ताराने विचार केला. राजवाड्यांचे अखेरचे दिवस धुळ्यात गेले, १९२६ साली तेथेच त्यांचे देहावसान झाले आणि त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ १९२७ साली तेथेच स्थापन झाले. त्यामुळे या प्रश्नाशी खानदेशाचा एक प्रकारे ऋणानुबंधच जडला आहे.

तथापि हा सर्व विचार मुख्यतः पात्रे, प्रसंग व मनोव्यापार यांच्यापुरता राहिला. अद्भुत कथा ज्या भूमीवर घडते, त्या भूमीच्या वास्तवतेचा प्रश्न टीकाकारांनी क्वचितच उपस्थित केला. याचे कारण उघड आहे. कादंबरीकार नायकाला ज्या वाटेने नेतो, तेवढीच वाट वाचकाला दिसते. रामचंद्र भिकाजी गुंजीकरांनी 'मोचनगड' (१८७१) लिहिताना शिवकालीन प्रदेशात एक कल्पित किल्ला उभा केला. त्या किल्ल्याला पाणी कोठून येत होते, त्याच्या घेऱ्यातील गावे कोणते धान्य पिकवीत होती, किंवा पावसाळ्यात त्याची वाट किती दिवस बंद राहत होती, हे प्रश्न कोणी विचारले नाहीत. आणि विचारण्याचे कारणही नव्हते. सह्याद्री वाचकाच्या ओळखीचा होता. कल्पित किल्ल्याला खऱ्या डोंगराने आपली विश्वसनीयता उसनी दिली होती.

परंतु जेथे डोंगरही कल्पित, नदीही कल्पित आणि समुद्रही कल्पित, तेथे ही उसनवारी चालत नाही. अशी संपूर्ण कल्पित भूमी निर्माण करण्याची आवश्यकता विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात एका नव्या कथनप्रकाराने उत्पन्न केली. मेजाभोवती बसून खेळावयाचे भूमिकांचे खेळ, म्हणजे 'रोल-प्लेइंग गेम', हा तो प्रकार होय. त्यातील भूमी वास्तव केव्हा म्हणावी, एवढाच प्रश्न येथे विचारात घ्यावयाचा आहे.

२

या खेळाचे स्वरूप थोडक्यात सांगणे अवश्य आहे. चारपाच खेळाडू एकत्र बसतात. त्यांच्यापैकी एक सूत्रधार होतो. बाकीचे प्रत्येकी एकेका पात्राची भूमिका घेतात. सूत्रधार परिस्थिती सांगतो, पात्रे काय करतात ते खेळाडू सांगतात, आणि संशय असेल तेथे फाशांच्या दानाने निकाल लागतो. गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन या दोघा अमेरिकनांचा 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ १९७४ साली प्रसिद्ध झाला, आणि या प्रकाराला ग्रंथरूप मिळाले. आरंभी या खेळाला स्वतःची भूमीही नव्हती. रानावनातील प्रवासासाठी 'आउटडोअर सर्व्हायव्हल' नावाच्या दुसऱ्याच एका पटखेळाचा पट वापरावा, अशी सूचना मूळ पुस्तिकांत होती. पुढे १९८० साली 'वर्ल्ड ऑफ ग्रेहॉक' हे गायगॅक्स यांचे कल्पित जग षट्कोनांच्या जाळीने आखलेल्या मोठ्या नकाशासह प्रसिद्ध झाले. १९८३ साली एन. रॉबिन क्रॉसबी यांचे 'हार्न' हे बेट आले आणि हवामान, शेती व वसाहती यांच्या तपशिलाबद्दल नावाजले गेले.

कादंबरी व हा खेळ यांतील भेद वाटेच्या प्रश्नावर स्पष्ट होतो. कादंबरीतील नायक डावीकडे वळला की उजवीकडील प्रदेश लेखकाला रिकामा ठेवता येतो. खेळातील पात्र मात्र केव्हाही उजवीकडे वळू शकते. ते सूत्रधाराला विचारते: या गावापलीकडे काय आहे? नदीला उतार कोठे मिळेल? शत्रूचे सैन्य दाणागोटा कोठून आणते? यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर पूर्वी लिहून ठेवलेले असेलच असे नाही. जी भूमी कारणांनी बांधलेली असते, तिच्यात न लिहिलेले उत्तरही शोधून काढता येते. जी नुसत्या चिन्हांनी भरलेली असते, तिच्यात ते दर वेळी नव्याने रचावे लागते, आणि दोन दिवसांनी रचलेले उत्तर पहिल्याशी विसंगत ठरते. भूगोलाचे वास्तव हा या प्रकारात केवळ शोभेचा गुण नसून कथनाच्या सुसंगतीची ती अटच आहे.

३

या क्षेत्रातील मार्गदर्शक लेखनात वास्तव भूगोलाची काही सूत्रे रूढ झाली आहेत. नद्या उंचावरून सखलाकडे वाहतात, वाटेत एकमेकींना मिळतात, पण सहसा फुटत नाहीत. सरोवराला बाहेर पडणारी वाट बहुधा एकच असते. पर्वत एकाकी उभे नसतात, त्यांच्या रांगा असतात. वाऱ्याच्या दिशेच्या उतारावर पाऊस पडतो, पलीकडे कोरडा प्रदेश असतो. शहरे नदीकाठी, विशेषतः संगमावर, वसतात. या सूत्रांच्या आधारे टोल्किन यांच्या 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज' (१९५४–५५) मधील नकाशावरही आक्षेप घेतले गेले आहेत. मॉर्डॉर या प्रदेशाला तीन बाजूंनी वेढणाऱ्या पर्वतरांगा जवळजवळ काटकोनात मिळतात. असे पर्वत निसर्गात घडत नाहीत, हा त्यांतील प्रसिद्ध आक्षेप.

ही सूत्रे खोटी नाहीत. समुद्रातून निघून डोंगरावर चढणारी नदी काढणाऱ्या नवख्या माणसाला त्यांचा निश्चितच उपयोग आहे. प्रश्न इतकाच की सूत्रे पाळली म्हणजे भूमी वास्तव होते काय? याचे उत्तर सूत्रांतून मिळणार नाही. ते एखाद्या प्रत्यक्ष भूमीवरच तपासून पाहिले पाहिजे. त्यासाठी जळगाव, धुळे व (१९९८ साली धुळ्यातून वेगळा झालेला) नंदुरबार हे जिल्हे मिळून होणारा खानदेश अतिशय सोयीचा आहे. उत्तरेस सातपुडा, दक्षिणेस सातमाळा-अजिंठ्याची रांग, पश्चिमेस सह्याद्रीची टोके आणि मध्ये तापीचे खोरे. एका नकाशावर मावेल असा हा आटोपशीर प्रदेश आहे. एखाद्याने हाच नकाशा कल्पित म्हणून पुढे ठेवला, तर रूढ सूत्रांचा परीक्षक त्यावर काय शेरे मारील, हे पाहण्यासारखे आहे.

४

पहिला शेरा नदीवर पडेल. दख्खनचे पठार पूर्वेकडे उतरते. गोदावरी व कृष्णा सह्याद्रीत, पश्चिम समुद्राच्या इतक्या जवळ उगम पावूनही पूर्वेकडे जातात. तापी मात्र मध्य प्रदेशात मुलताईजवळ उगम पावते आणि सुमारे ७२४ किलोमीटर पश्चिमेकडे वाहून सुरतेजवळ अरबी समुद्राला मिळते. शेजारच्या सर्व नद्या एका दिशेने आणि ही एकटी (नर्मदेची सोबत सोडल्यास) उलट दिशेने, हे परीक्षकाला नकाशाकाराचे अज्ञान वाटेल. वस्तुतः त्याला कारण आहे. भूकवच भंगून खचलेल्या एका लांबट पट्ट्यातून तापी वाहते. पठाराच्या सर्वसाधारण उतारापेक्षा त्या खचण्याची आज्ञा ती अधिक मानते. नियमाचा हा भंग स्वैर नाही. अधिक खोल असलेल्या दुसऱ्या नियमाचे ते पालन आहे.

दुसरा शेरा पाण्याचा. नकाशावर मोठी निळी रेषा दिसली की तिच्या दोन्ही काठांना हिरवीगार शेते रंगविण्याचा मोह अनिवार असतो. परंतु धरणे व विजेचे पंप येण्यापूर्वी तापीचे पाणी शेताला फारसे लाभत नव्हते. तिने गाळाच्या जाड थरात आपले पात्र खोल कापले आहे. काठ उंच आणि घळींनी फाटलेले आहेत. खानदेशातील जुने बागायत उभे राहिले ते पांझरा, मोसम यांसारख्या लहान नद्यांवर. त्यांच्या पात्रात दगडी बंधारे घालून पाटाने पाणी नेण्याची फड पद्धत शतकानुशतके चालत आली. बंधाऱ्याखालील भिजणारे क्षेत्र ते थळ; थळाचे भाग पाडले की ते फड. एका फडात एक वर्षी सर्वांनी ऊस लावावयाचा, दुसऱ्यात भुसार पिके घ्यावयाची आणि पुढील वर्षी पाळी बदलावयाची. पाणी वाटणारा पाटकरी आणि पिकांची राखण करणारा जागल्या यांचा मोबदला गावानेच द्यावयाचा. प्रत्येक शेतकऱ्याची जमीन निरनिराळ्या फडांत विखुरलेली असल्यामुळे पाण्याच्या तुटवड्याची झळ एकट्यालाच सोसावी लागत नसे.

येथे भूगोल थांबून समाज सुरू होतो, असे म्हणता येणार नाही. मोठी नदी दुर्लभ आणि लहान नदी सुलभ, म्हणून बंधारा. बंधारा एकट्याला परवडत नाही, म्हणून सामायिक व्यवस्था. सामायिक व्यवस्था म्हणून गावपंचायत, पाळ्या आणि अर्थातच भांडणेही. खेळाच्या सूत्रधाराला राजवाड्यातील कारस्थानाहून अधिक नाट्यमय प्रसंग एका फुटलेल्या बंधाऱ्यातून मिळू शकेल. मात्र त्यासाठी निळ्या रेषेची जाडी न पाहता तिच्या काठाची उंची पाहिली पाहिजे.

सातपुड्याच्या पायथ्याचीही हीच कथा. डोंगरातून उतरणारे कित्येक ओढे पायथ्याच्या दगडगोट्यांच्या पट्ट्यात मुरून क्षीण होतात, आणि तेच पाणी खाली यावल-रावेरच्या विहिरींना मिळते. तेथील केळीच्या बागा त्यावर पोसल्या गेल्या. नकाशावर ज्या जागी नदी पुसट होते, त्या जागेच्या खालचा प्रदेश सुपीक, हे कोणत्याही सूत्रात बसणारे नाही.

तिसरा शेरा शहरांवर. पूर्णा व तापी यांच्या संगमावर चांगदेव आहे. पांझरा व तापी यांच्या संगमावर मुडावद आहे. सूत्राप्रमाणे येथे मोठ्या पेठा असावयास हव्या होत्या. प्रत्यक्षात दोन्ही ठिकाणी देवालये आहेत. संगमाने बाजार वसविला नाही, तीर्थ वसविले. जिल्ह्याची ठाणी पाहावीत तर जळगाव तापीच्या काठी नाही आणि धुळे पांझरेवर आहे. उलट ज्याच्या खालून तापी वाहते ते थाळनेर, एके काळची राजधानी, आज एक गाव आहे. कारण शहरे नुसत्या पाण्यावर वसत नाहीत, वाहतुकीवर वसतात; आणि वाहतूक बदलली की त्यांचे दैव बदलते. मुंबई-आग्रा रस्त्याने धुळ्याला, आणि लोहमार्ग व कापसाच्या व्यापाराने जळगावला वाढविले. नागपूरकडे व जबलपूरकडे जाणारे लोहमार्ग जेथे फुटतात, त्या भुसावळचे महत्त्व तर सर्वस्वी त्या फाट्यावर उभे आहे. कल्पित नकाशांत हा कालाचा परिणाम जवळजवळ नसतोच. त्यांतील सर्व शहरे जणू एकाच दिवशी आणि एकाच कारणाने वसलेली असतात. ओसरलेली राजधानी त्यांत क्वचितच आढळते, आणि आढळली तर ती शापाने ओसाड झालेली असते, रस्ता बदलल्यामुळे नव्हे.

५

भूगोल राज्यांची चरित्रेही कशी घडवितो, याचे उदाहरण खानदेशाच्या फारुकी राजवटीत मिळते. मलिक राजा याला फिरोजशाह तुघलकाकडून थाळनेरचा प्रदेश मिळाला आणि १३८२ च्या सुमारास तो स्वतंत्रपणे वागू लागला. त्याचा पुत्र नासिरखान याने आशीरगड घेतला आणि तापीच्या काठी बुऱ्हाणपूर वसविले. गुजरात, माळवा व बहमनी या तीन प्रबळ सत्तांच्या कात्रीत सापडलेले हे लहानसे राज्य १६०१ साली अकबराने आशीरगड घेईपर्यंत, म्हणजे दोनशेहून अधिक वर्षे टिकले.

ते का टिकले? एखाद्या कल्पित जगात याचे उत्तर बहुधा जादूची तलवार किंवा दैवी वरदान असे दिले गेले असते. प्रत्यक्षात उत्तर भूमीत आहे. सातपुड्याच्या रांगेत बुऱ्हाणपूरच्या उत्तरेस एक खिंड आहे. नर्मदेच्या खोऱ्यातून तापीच्या खोऱ्यात, अर्थात उत्तरेतून दक्षिणेत, उतरण्याची ती सोयीची वाट. आशीरगड तिच्या माथ्याशी बसला आहे. दुसरीकडून सुरतेच्या बंदराहून निघालेला मार्ग तापीच्या खोऱ्याने वर चढून बुऱ्हाणपुरास येतो; १६१५ साली इंग्रज वकील सर टॉमस रो सुरतेहून मोगल दरबाराकडे निघाला तो बुऱ्हाणपुरावरूनच. उभी वाट आणि आडवी वाट यांचा हा छेद ज्याच्या हाती, त्याला लहान राज्यावरही भागत होते. शेजाऱ्यांपैकी कोणालाही हा नाका दुसऱ्याच्या हाती जाणे परवडणारे नव्हते, हेही त्या राज्याचे एक संरक्षणच होते. आज बुऱ्हाणपूर व आशीरगड मध्य प्रदेशात आहेत, पण खानदेशाचा नकाशा त्यांच्यावाचून समजत नाही.

राज्याच्या सीमा रंगवून त्यावर राजाचे नाव लिहिणे सोपे आहे. ते राज्य त्याच जागी का आहे आणि शेजाऱ्यांनी ते का गिळले नाही, याचे उत्तर नकाशातून निघाले, तरच तो नकाशा बोलका म्हणावा. 'हार्न'सारख्या रचनेचे श्रेष्ठत्व याच ठिकाणी आहे. तीत अद्भुत कमी आहे म्हणून ती वास्तव नव्हे. तिच्यातील जहागिरी, शेते व वाटा एकमेकांना कारण होतात, म्हणून ती वास्तव वाटते.

६

आतापर्यंतचा विचार रचनेच्या सुसंगतीचा झाला. याहून गंभीर असा एक प्रश्न उरतो, आणि तो रानाचा होय.

या खेळांच्या पुष्कळशा नकाशांत वसलेला प्रदेश आणि रान असे दोन भाग असतात. वसलेल्या भागात गावे, रस्ते व नावे. रानात राक्षसी जमाती, लुटारू टोळ्या आणि निधी. पात्रांनी गावातून निघावयाचे, रानात शिरून तेथील रहिवाशांना मारावयाचे आणि द्रव्य घेऊन परत यावयाचे, ही साहसाची ठराविक चाकोरी. ही विभागणी निसर्गनियमांना धरून असल्यामुळे वास्तव भूगोलाची रूढ सूत्रे तिला काहीच हरकत घेत नाहीत. डोंगर, अरण्य व पर्जन्य सर्व यथायोग्य असते. परंतु रान रिकामे आणि तेथील माणूस उपद्रवी, ही भूगोलाने दिलेली माहिती नव्हे. ती मैदानावरील सत्तेची दृष्टी आहे.

खानदेशाला या दृष्टीचा अनुभव आहे. १८१८ साली पेशवाई गेल्यावर इंग्रजी अंमलापुढे सातपुडा व सातमाळ्यातील भिल्लांचा 'प्रश्न' उभा राहिला. १८२५ साली औट्राम या अधिकाऱ्याने धरणगाव येथे भिल्लांचीच पलटण उभारली. १८८० साली प्रसिद्ध झालेल्या खानदेशच्या गॅझेटियरमध्ये नद्या, घाट व माती यांचे वर्णन आजही उपयोगी पडावे इतके काटेकोर आहे. मात्र डोंगरातील माणूस त्यात बहुधा बंदोबस्ताचा विषय म्हणून येतो. भूवर्णन अचूक आणि दृष्टी एकांगी, असे दोन्ही एकाच ग्रंथात नांदू शकते, याचे ते उत्तम उदाहरण आहे.

आता तोच सातपुडा आतून पाहावा. आग्रा रस्त्यावरील सेंधव्याच्या घाटाची राखण करण्याचे काम सरकारनेच खाज्या नाईक या भिल्ल नायकाकडे दिले होते. त्याच खाज्याने १८५७ साली बंड पुकारले आणि १८५८ साली अंबापाणी येथे भिल्लांची इंग्रजी फौजेशी लढाई झाली. खालून पाहणाऱ्याला जो घाट धोक्याची जागा, तोच वरून पाहणाऱ्याला उपजीविकेचे साधन, हक्क आणि मानमरातब होता. खालच्या नकाशात कोरे असलेले रान पावरा व भिल्ल वस्त्यांच्या नावांनी, मोहाच्या झाडांनी, पाणवठ्यांनी, देवस्थानांनी आणि भोंगऱ्याच्या बाजारांनी भरलेले आहे. राजवाड्यांनी स्थलनामांच्या व्युत्पत्तीचा एवढा व्यासंग केला तो यासाठीच की जागेचे नाव हा तेथे राहिलेल्या माणसांचा पुरावा असतो. ज्या नकाशात रानातील जागांना नावेच नाहीत, त्याने पुरावाच नष्ट केला, असे म्हणावे लागते.

म्हणून भूगोलाच्या वास्तवतेत पर्जन्यछायेच्या जोडीने हाही प्रश्न समाविष्ट केला पाहिजे: हा नकाशा कोणी काढला, आणि तो कोठे उभा राहून काढला? कल्पित जगाच्या कर्त्याने एकाच प्रदेशाचे दोन नकाशे काढून पाहावेत, एक मैदानातील कारकुनाचा आणि दुसरा घाटातील नाईकाचा. दोहोंत नद्या त्याच असतील. नावे, अंतरे व धोके निराळे असतील. खेळाडूंना या दोन नकाशांतील विसंगती उलगडावयास लावणे, यात निधी लुटण्याहून कमी साहस नाही.

७

या विवेचनावर एक आक्षेप येणे स्वाभाविक आहे. खेळ हा रंजनासाठी असतो. गाळाचे थर आणि पाटाच्या पाळ्या यांनी तो जड होणार नाही काय? आणि ज्या जगात अग्निमुखी सर्प उडतात, तेथे नदीच्या काठाची उंची मोजण्याचा आग्रह कशासाठी? आक्षेपाचा पहिला भाग मान्य करण्यासारखा आहे. सूत्रधाराने खेळाडूंपुढे गॅझेटियर वाचावयाचे नसते. जे कारण प्रसंगात उतरत नाही, ते त्याच्या टिपणवहीतच राहिलेले बरे. तपशिलांची गर्दी म्हणजे वास्तव नव्हे, हे कादंबरीच्या बाबतीत जितके खरे, तितकेच येथेही.

दुसऱ्या भागाचे उत्तर मात्र उलट दिशेने द्यावे लागते. अद्भुताला वास्तव भूमीची गरज अधिक असते. सर्व काही शक्य असलेल्या जगात कोणतीच गोष्ट चमत्कार ठरत नाही. पाणी नेहमी उताराकडे वाहत असेल, तरच एके दिवशी वर चढलेले पाणी पाहून पात्रे थबकतील. पांझरेच्या बंधाऱ्यावर पाण्याची पाळी ज्याने मोजली आहे, त्यालाच न आटणाऱ्या घड्याची किंमत कळेल. मॉर्डॉरच्या काटकोनी पर्वतांचा दोषही या दृष्टीने पुन्हा तपासला पाहिजे. ते पर्वत एका दुष्ट शक्तीने उभारलेल्या तटबंदीसारखे दिसतात आणि कथेतील त्या प्रदेशाच्या अर्थाशी जुळतात. भूशास्त्राच्या नियमाने सदोष असलेली रेषा कथेच्या कारणाने समर्थनीय ठरू शकते. अट एवढीच की कारण कोठे तरी असले पाहिजे.

तात्पर्य, कल्पित भूमीची वास्तवता सूत्रांच्या यादीने ठरत नाही. त्या यादीने परीक्षा केली तर खानदेशच अनुत्तीर्ण होईल: त्याची नदी उलट वाहते, तिच्या काठी जुनी बागाईत नाही, संगमांवर पेठा नाहीत आणि राजधानीचे गाव झाले आहे. प्रत्येक अपवादामागे कारण आहे, त्या कारणातून माणसांची एखादी रीत निघाली आहे, आणि त्या रीतीचे ओझे कोणी तरी वाहिले आहे. ही परंपरा ज्या नकाशातून वाचता येते, तो कल्पित असला तरी वास्तव होय; आणि जो ओझे वाहणाऱ्या माणसांची नावे गाळतो, तो नियमांनी कितीही शुद्ध असला तरी अपुरा होय. अशा रचनांचे परीक्षण करताना यापुढे नदी कोठे जाते याबरोबरच तिचे पाणी कोणाला मिळते, हेही विचारले गेले पाहिजे.